पट्टीवाल्या सरांचा कंस

शुक्रवारी संध्याकाळी, कंपनीची बस सुटायच्या घाईत, मी एक बटण दाबलं आणि युनूस सरांची तीन वर्षांची मेहनत माझ्या नावावर करून टाकली.

सातबाऱ्यावर नाव चढवायला किती खेटे घालावे लागतात हे आमच्या परांड्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. इथे मात्र साक्षीदार लागले नाहीत, अंगठा लागला नाही. बटण दाबलं, लॅपटॉप मिटला, चाकणच्या गेटवर धावत जाऊन खिडकीची सीट पकडली. वर स्वतःवर खूश! निगडी येईपर्यंत मनात एकच, की सरांचं काम एकदाचं मार्गी लावलं, आता ते आपल्याला पेढे देणार.

ही मेहनत कसली ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी त्यांचा गुंठा-दोन गुंठा लाटला.

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवून देणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. त्याच्या पहिल्या भागाला आमच्यात फ्रंट-एंड म्हणतात. तो दारावरच्या कारकुनासारखा. तुमचा कागद वाचायचा, आणि काही खोट निघाली तर ‘अमुक ओळीत चूक’ असा शेरा मारून परत करायचा. सी, सी प्लस प्लस आणि त्यांच्या भावकीतल्या भाषा वाचणारा असाच एक फ्रंट-एंड जगभरातली माणसं मिळून लिहितात. त्याचा कोड सगळ्यांना उघडा. कुणीही बदल सुचवावा, जाणत्यांनी तो तपासावा, पटला तर मुख्य कोडमध्ये घालावा. घालायचा हक्क तेवढा मोजक्यांना.

मला तो हक्क होता, सरांना नव्हता. यात काही न्याय आहे असं समजू नका. आमची कंपनी गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर करते, तिथे हा कंपायलर रोजचा, म्हणून मी पगारी वेळात त्यातली किरकोळ डागडुजी करत गेलो. कुठे स्पेलिंग, कुठे एखादं जुनं नाव बदल. असं किडूकमिडूक साठवत हक्क पदरात पडला. सरांनी केला एकच बदल, पण तो विहीर खणल्यासारखा.

युनूस मणेर त्यांचं नाव. निगडीच्या बस टर्मिनसजवळ, फरसाणच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर नानासाहेबांचा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथे सर डिप्लोमाच्या पोरांना सी शिकवतात. राहायला दापोडीत, रेल्वे रुळांच्या बाजूच्या गल्लीत. वडिलांचं तिथेच स्कूटरदुरुस्तीचं गॅरेज होतं. गॅरेज गेलं, पण त्यातली एक छोटी स्टीलची पट्टी सरांच्या शर्टाच्या खिशात राहिली. बाकीचे मास्तर खिशाला पेन लावतात, आमचे सर पट्टी. केस मेंदीने लाल, शर्ट पांढरा, आणि शर्टावर खडूचा डाग पडला तर पोरांनाच दम: “कुणी हलवला रे फळा?”

स्वभावाने सर गोड वगैरे अजिबात नाहीत. फी उशिरा दिलेली चालते, तासाला उशिरा आलेलं चालत नाही.

सीमध्ये प्रत्येक कामाचा मजकूर महिरपी कंसात बांधायचा असतो. कंस उघडला की बंद करायचा. नवखं पोरगं हमखास विसरतं. फ्रंट-एंड बिचारा वाचत वाचत तळाला पोचतो, कागद संपतो, आणि तेव्हा त्याच्या लक्षात येतं की वर कुठेतरी एक कंस उघडाच राहिलाय. कुठला, ते त्याला ठाऊक नसतं. मग तो शेवटच्या ओळीवरच बोंब ठोकतो. म्हणजे पाकीट मारलं निगडीत आणि पंचनामा दापोडीत. पोरगं शेवटच्या ओळीकडे टक लावून बसतं. तिथे तर काहीच चुकलेलं नसतं.

सर शेवटच्या ओळीकडे बघतच नसत. पट्टी काढायची, स्क्रीनच्या डाव्या कडेला उभी धरायची आणि खालून वर सरकवत न्यायची. आतलं लिखाण आत सरकवून लिहायची रीत असते. नवं काम मात्र डाव्या कडेपासून सुरू होतं. जिथे असं नवं काम सुरू झालंय, पण मशीनच्या हिशेबी आपण अजून आधीच्या कामाच्या आतच आहोत, तिथे त्या आधीच्याचा कंस उघडा.

डिप्लोमाला असताना मीही त्याच क्लासात होतो. माझा कंस पहिल्याच आठवड्यात राहिला. इंग्रजीत आलेली ती तक्रार वाचून मला वाटलं, मशीन बिघडलं आणि आता भरपाई आमच्या दादांना द्यावी लागणार. मी हात मांडीखाली घालून बसलो. सर आले.

“नाव?”

“ज्योतीराम.”

“गाव?”

“परांडा.”

“किल्ला आहे ना तिथे?”

“हाय सर. मोठा हाय.”

“दरवाजे कोण लावतं रात्री?”

“आता कोण लावणार सर? उघडेच असतात.”

“तरीच.” सरांनी पट्टी सरकवली आणि एका ओळीवर टकटक केलं. “इथून सुटली तुझी गाय. आणि तू दावं घेऊन शेवटच्या गावात फिरतोयस.”

पुढे नोकरी लागल्यावर मी एकदा पेढे घेऊन दापोडीला गेलो, तेव्हा बोलता बोलता सांगितलं, की सर, हा कंपायलर लिहितात कसा तेसुद्धा कुणालाही वाचता येतं. सरांनी पेढा बशीत परत ठेवला.

“मग हे पट्टीचं काम तोच का नाही करत?”

“करेल ना. कुणीतरी लिहायला पाहिजे.”

“कुणी?”

“तुम्हीच लिहा सर,” मी हसत म्हणालो. मला काय माहीत, हे खरंच बसतील लिहायला!

बसले. सी शिकवणारा माणूस त्या वयात सी प्लस प्लस शिकला, कारण तो फ्रंट-एंड त्या भाषेत लिहिलेला. पहिला मसुदा पाठवला तो ‘रिस्पेक्टेड मॅडम’ अशी सुरुवात आणि ‘थँकिंग यू’ असा शेवट करून. तपासणारी मार्टा म्हणून पोलंडची एक जाणती बाई होती. तिने नम्रपणे कळवलं की इथे अर्ज करायची पद्धत नाही, नुसतं काम सांगितलं तरी चालतं. सरांनी उत्तर दिलं: रिस्पेक्टेड मॅडम, बरं.

सरांच्या घरच्या, म्हणजे नजमुन्निसा भाभी, मला बघितलं की सुरू करायच्या. “ज्योतीराम, चांगली सवत आणून दिलीत हो तुम्ही. सकाळी चहाच्या आधी तिचं उत्तर आलं का बघतात.”

“अगं, ती आजी आहे,” सर म्हणायचे.

“मी कुठे वय विचारलं?”

मार्टाचा मुख्य आक्षेप असा, की जगात लोक वाकडंतिकडं लिहितात. डाव्या कडेवर विसंबून एखाद्याला चूक ठरवलं आणि तो निर्दोष निघाला, तर? सर चिडले. मला फोन करून म्हणाले, “वाकडं लिहिणाऱ्याची बाजू घेते ही बाई.” आठवडाभर त्यांनी तिला उत्तर दिलं नाही. मग स्वतःच वाट काढली. मूळ तक्रार तळालाच राहू द्यायची, तिच्याखाली एक हलकी टीप जोडायची: हा इथला कंस बंद करायचा राहिला असावा. सर म्हणाले, “शंका घ्यायची, आळ घ्यायचा नाही.” हे मात्र मार्टाला पटलं.

तिने चाचण्या मागितल्या, म्हणजे चुकलेले नमुने, ज्यांच्यावर टीप बरोबर येते का ते बघता येईल. सरांकडे चुकीच्या प्रोग्रॅमांची काय वानवा! क्लासच्या मशीनवर त्यांनी ‘रत्नं’ नावाच्या फोल्डरमध्ये पोरांचे निवडक प्रमाद जपून ठेवले होते. त्यात माझा पहिल्या आठवड्यातला प्रोग्रॅमही होता. तोही चाचणी म्हणून गेला. त्या सगळ्या बदलात माझं म्हणावं असं काही असेल, तर ती चूक.

आता नानासाहेब. माणूस वाईट नाही, पण डोळा कायम खुर्च्यांवर. भरल्या किती, रिकाम्या किती. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, “सर, पोरं एआय मागतात. सीच्या बॅचला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. जूनपासून बंद करू. तुम्ही एमएस-ऑफिस घ्या.”

सर एमएस-ऑफिस शिकवणार म्हणजे वस्तादाने उठाबशा मोजायला बसण्यासारखं. ते म्हणाले, “नानासाहेब, ज्या कंपायलरवर अर्ध्या चाकणचं काम चालतं, त्याच्या आत माझं काम जाणार आहे.”

“जाणार आहे की गेलंय?”

“जातंय.”

“गेलं की दाखवा. नाव दाखवा, मी चौकात फ्लेक्स लावतो. फ्लेक्स लागला की खुर्च्या भरतात. खुर्च्या भरल्या तर मला काय, सी शिकवा नाहीतर मोडी.”

म्हणजे सरांची बॅच त्या एका नावावर टांगलेली होती, हे मला माहीत होतं. सरांनीच सांगितलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं कुणाला वाटायला नको.

जानेवारीत मार्टाने मंजुरी दिली. पण तोवर मुख्य कोडमध्ये इतरांचे बदल येऊन पडले होते, सरांचा बदल जसाच्या तसा बसेना. त्यात येत्या बुधवारी पुढच्या आवृत्तीची फांदी वेगळी काढणार होते. तिच्या आधी आत गेलेलं काम नव्या आवृत्तीत येतं, मागे राहिलेलं सहाएक महिने थांबतं.

सरांचा फोन आला. “ज्योतीरामशेठ, तेवढं आत घाला.”

मी त्यांचा बदल माझ्या मशीनवर उतरवला, चार ठिकाणी तासून बसता केला आणि घातला. अशा वेळी एक गोष्ट आठवणीने करायची असते. मूळ लेखकाचं नाव हाताने लिहायचं. नाही लिहिलं तर मशीन समजतं, कीबोर्डवर बसलाय तोच लेखक. आमच्या धंद्यात दुसऱ्याचं काम आत घालणाऱ्याला पहिला धडा हाच देतात. मलाही दिला होता. पण खाली बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आमचे मॅनेजर दिग्विजय माझ्या टेबलापाशी आले. कंपनीत मला सगळे जेआर म्हणतात, ज्योतीराम म्हटलं की कुणाच्या तरी चुलत्याला हाक मारल्यासारखं वाटतं म्हणे.

“जेआर! भावा, तू तर छुपा रुस्तम निघालास. फ्रंट-एंडमध्ये एवढा मोठा बदल आणि आम्हाला पत्ता नाही?”

मी स्क्रीनकडे बघितलं. बदलाचं शीर्षक, त्याखाली लेखक, आणि लेखकापुढे मी. पूर्ण नाव, आडनावासकट.

मुख्य कोडचा इतिहास पुसता येत नाही, तसा नियमच आहे. एकच वाट असते. आख्खा बदल बाहेर काढायचा आणि बरोबर नावाने परत घालायचा. त्याला पुन्हा तपासणी, पुन्हा सगळ्या चाचण्या. सोमवार दुपार ते बुधवार संध्याकाळ, लगेच हात घातला असता तर बहुतेक जमलं असतं.

आजूबाजूचे चार-पाच जण खुर्च्या फिरवून बघत होते. तोंड उघडलं तेव्हा मला ‘हे माझं नाही’ असंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “थँक यू.”

शुक्रवारची ती चूक होती. सोमवारच्या या दोन शब्दांना काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. म्हणजे ठरलेलं आहे, लिहायला हात होत नाही.

दुपारभर मी स्वतःशी वाटाघाटी केल्या. आधी सरांना सांगू, मग काढू. आधी काढू, मग सांगू. मंगळवारी सकाळी सरांचाच फोन.

“संध्याकाळी क्लासवर ये. नानासाहेबांना दाखवायचंय, सगळ्या पोरांसमोर. तुझी भाभी पण येतेय, गुलगुले घेऊन.”

“सर, एक बोलायचं होतं...”

“संध्याकाळी बोल. आत्ता शर्टाला इस्त्री करतोय.”

मी ठरवलं, लवकर पोचायचं आणि सरांना जिन्यातच गाठायचं. पण चाकणहून निघालेल्या माणसाने लवकर पोचायचं ठरवू नये. मोशीच्या पुढे एक ट्रेलर आडवा झाला होता. मी जिना चढलो तेव्हा वर्गात प्रोजेक्टर लागलेला, पहिल्या रांगेत नानासाहेब, कोपऱ्यात मांडीवर डबा घेऊन भाभी, आणि मागे पोरं गच्च.

“आले बघा, ज्योतीरामशेठ,” सर म्हणाले. “बस. तुझ्यासाठीच थांबलो होतो, पान अजून मीही उघडलेलं नाही.”

मी त्यांच्याकडे जायला निघालो, तेवढ्यात त्यांनी पान उघडलंसुद्धा. भिंतीवर भलंमोठं शीर्षक आलं. सरांनी खिशातून पट्टी काढली आणि भिंतीवर एकेका शब्दाखाली धरून वाचायला लागले. शीर्षक वाचलं. मार्टाची मंजुरी वाचली. “आणि लेखक...” म्हणाले, आणि पट्टी थांबली.

नानासाहेबांनी चष्मा वर केला. “ज्योतीराम... अहो, हा तर आपलाच ज्योतीराम!”

मी उभा राहिलो. “नाही नानासाहेब. हे काम सरांचं आहे. माझं नाव चुकून लागलंय.”

नानासाहेब मागे वळले. “बघा पोरांनो! याला म्हणतात संस्कार. एवढा मोठा झाला, तरी गुरूचं नाव पुढे करतो.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“अहो, खरंच चुकून लागलंय. मी फक्त...”

टाळ्या वाढल्या. एकाने शिट्टी मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी भर सभेत खरं बोलत होतो आणि जितकं बोलावं तितका मोठा ठरत होतो. सरांनी पट्टी खिशात ठेवली. सर सोडले तर टाळ्या वाजवत नव्हतं असं त्या खोलीत एकच माणूस होतं, भाभी. डब्याचं झाकण धरून त्या माझ्याकडे बघत होत्या.

खाली फरसाणच्या दुकानापाशी सरांनी मला थांबवलं.

“शुक्रवारीच कळलं होतं?”

“नाही सर. शपथ. काल कळलं.”

“काल कधी?”

“जेवणाच्या सुट्टीत.”

“सकाळी मी फोन केला, तेव्हा माहीत होतं.”

मी मान डोलावली.

“इस्त्री करतोय म्हणालो, म्हणून गप्प बसलास? इस्त्री बंद करून ऐकलं असतं मी.”

मी त्यांना बाहेर काढून परत घालायची वाट सांगितली. बुधवारची अडचणही सांगितली. मध्येच एखादी चाचणी अडली, तर बदल या आवृत्तीत येणारच नाही.

“काढ,” सर म्हणाले.

“सर, पण जूनला लॅबच्या मशीनवर नवी आवृत्ती...”

“मी विचारलं? काढ. तीन वर्षं रिस्पेक्टेड मॅडम लिहिलंय मी. तू नाही.”

भाभी मागून आल्या. मला वाटलं त्या काही बोलतील. त्यांनी डबा माझ्या हातात दिला. “खाऊन टाका. घरी परत न्यायला जड आहे.”

ते गुलगुले मी रूमवर एकट्याने खाल्ले. चव सांगत नाही.

बुधवारी सकाळी बस स्टॉपवर उभा होतो तेव्हा सरांचा फोन.

“काढलंस?”

“ऑफिसात पोचलो की काढतो सर. सगळं तयार करून ठेवलंय.”

“नको काढू.”

“सर?”

“नानासाहेबांनी फ्लेक्स टाकलाय छापायला. तुझा फोटो. ‘आमचा माजी विद्यार्थी’. काल रात्रीच मला म्हणाले, अशी पोरं घडवणारी बॅच बंद केली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.” सर हसले, पण त्या हसण्यात मला जागा नव्हती. “माझं नाव लागलं असतं तर म्हणाले असते, मास्तरच तो, त्याला आलं यात काय नवल. पोरगं परांड्याचं, चाकणला मोठ्या कंपनीत, त्याचा फोटो म्हटल्यावर खुर्च्या भरणार. आहे की नाही गंमत?”

“सर, मी सगळीकडे लिहून कळवतो. मार्टाला, ऑफिसात.”

“कळव. कळवून काय होतं तेही बघ एकदा.”

आणि फोन ठेवायच्या आधी, जरा वेगळ्या आवाजात: “जूनच्या पोरांना तरी टीप दिसू दे.”

मी त्याच दिवशी त्या बदलाच्या पानावर जाहीर लिहिलं, की याचे लेखक युनूस मणेर, माझं नाव माझ्या निष्काळजीपणामुळे लागलं. मार्टाने उत्तर दिलं: असं होतं कधीकधी, त्यांना माझं अभिनंदन कळव. दिग्विजयसाहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “अरे चालतं रे, टीमवर्क आहे.” सगळ्यांनी माफ केलं. ज्याचं काहीच गेलं नव्हतं, त्या प्रत्येकाने माफ केलं. इतिहासातली ओळ होती तिथेच राहिली. पानाच्या तळाशी जाऊन माझी कबुली कोण वाचतो? लोक वरचं नाव बघतात आणि पुढे जातात.

पुढच्या रविवारी दापोडीला गेलो. भाभींनी चहा दिला. साखर कमी होती, मागायची हिंमत झाली नाही. सर म्हणाले, “तोंड पाडून बसू नकोस, ते तुला शोभत नाही. मला तुझ्याकडून एक तास पाहिजे.”

“कसला सर?”

“शिकवायचा. जूनमध्ये नवी बॅच बसली की एका रविवारी ये. महिरपी कंस तू शिकव, पट्टी मी देतो. आणि शिकवून झालं की पोरांना सांग, मशीनमध्ये जी टीप येते ती कुणी लिहिली. नानासाहेब नसताना. पोरं टाळ्या वाजवायला लागतील, तेव्हा थांबवायचं आणि परत सांगायचं. टाळ्या थांबेपर्यंत.”

“येईन सर.”

“तास वेळेवर.”

“येईन.”

आता ऑगस्ट आहे. फ्लेक्स भक्ती-शक्ती चौकात लागला, आमच्या कंपनीच्या बसच्या स्टॉपच्या बरोबर वर. फोटो माझ्या डिप्लोमाच्या वेळचा, केसांना तेल लावलेला, गालावर नानासाहेबांच्या कृपेने गुलाबी रंग. मी आता पुढच्या स्टॉपवर चालत जातो. बरोबरचे विचारतात, “काय राव जेआर, वजन कमी करतोयस का?” हो म्हणतो.

बॅच भरली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून नानासाहेबांनी फरसाणवाल्याकडून स्टुलं आणली. लॅबवर नवी आवृत्ती आली. आणि परवा आमच्याच ऑफिसात नवीन लागलेली उत्कर्षा कंस विसरली. तिच्या स्क्रीनवर तळाची तक्रार आली आणि तिच्याखाली सरांची टीप. तिने सरळ वर जाऊन कंस बंद केला आणि चहाला उठली. पट्टी नाही, टकटक नाही, गाय नाही, गाव नाही. तिला काही झालंय हे कळलंसुद्धा नाही. मी माझ्या जागेवरून ते बघत बसलो होतो. सरांनी हे बघायला हवं होतं असं वाटलं, आणि फोन उचलला. मग आठवलं की फोन लावला तर ते आधी तासाचं विचारतील. फोन खाली ठेवला.

दर शनिवारी सरांचा एक शब्दाचा मेसेज येतो: “उद्या?”

कधी ओव्हरटाइम होता. कधी मावसभावाचा साखरपुडा. एकदा घसा बसला, तो खरंच बसला होता, पण बोलता येत नाही असा नव्हता. कंस शिकवणं मला अवघड नाही. टाळ्या थांबेपर्यंत सांगत राहणंही जमेल, तोंडाने मी काही कमी नाही. पण माझा फोटो बघून फी भरलेली ती पोरं एकदाची गप्प झाली, त्यांना ते पटलं, आणि सगळी मिळून माझ्याकडे बघायला लागली, तर त्यानंतर तासाचा उरलेला वेळ काय करायचं, हे सरांनी सांगितलेलं नाही.

आज शनिवार. मेसेज आला. “उद्या?” या वेळी खाली एक फोटोही होता. क्लासच्या टेबलावर ठेवलेली पट्टी.

मी लिहिलं, “सर, उद्या जरा गडबड आहे. पुढच्या रविवारी नक्की.”

सरांनी नुसता अंगठा पाठवला.